चावी सोडण्याचा मान

दाजीकाका गेले त्या वर्षी आमच्या घरात दोन्ही वेळा पेज असायची, आणि ती इतकी पातळ, की ताटलीचा तळ वरूनच दिसायचा. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पाठ काजूची पोती उचलून उचलून धरली होती. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीतली नाचणी कशीबशी शिमग्यापर्यंत पुरायची. आईकडे दोन लुगडी होती, त्यांतलं एक माझ्या परकराला गेलं. मॅट्रिकची पुस्तकं मी सकाळी मैत्रिणीकडून आणायची आणि तिन्हीसांजेच्या आत परत द्यायची. हे मी कौतुक करून घ्यायला सांगत नाही. घरात कमावता एकच होता, कट्टा गावच्या बाजारातले दाजीकाका घड्याळजी, आबांचे धाकटे भाऊ, आणि तेच गेले, एवढं कळावं म्हणून सांगते.

तालुक्यातला सगळ्यात उत्तम घड्याळजी गेला म्हणून सगळा बाजार हळहळला. घरात आम्हा तिघांना ठाऊक होतं की सगळ्यात उत्तम घड्याळजी कुठेच गेलेला नाही, तो चुलीपुढे बसून पेज ढवळतो आहे.

ही आमची सुभद्राकाकी.

काकांच्या दोन्ही डोळ्यांत शेवटची सहा वर्षं मोतीबिंदू होता. दुकान म्हणजे बाजाराच्या तोंडाशी एक खोली, पुढे टेबल, मध्ये गोणपाटाचा पडदा आणि मागे एक खिडकी. टेबलाशी काका बसायचे, डोळ्याला भिंग लावून, मान खाली घालून, भारदस्त. पडद्यामागे खिडकीच्या उजेडात काकी बसायची आणि काम करायची. काका गिऱ्हाइकाकडून घड्याळ घेऊन कानाला लावायचे, "हूं" म्हणायचे आणि पडद्याखालून हात मागे न्यायचे. दोन दिवसांनी तेच घड्याळ त्याच वाटेनं टिकटिकत पुढे यायचं.

एकदा मालवणचा एक तांडेल, म्हणजे गलबताचा मुख्य, आपलं घड्याळ न्यायला आला, तर काका भिंग डोळ्याला तसंच ठेवून घोरत होते. काकीनं आतून घड्याळ सरकवलं, ते काकांच्या हातात येऊन टेकलं, आणि काकांनी झोपेतच ते पुढे केलं. तांडेल बाजारभर सांगत सुटला, "दाजी डोळे मिटून घड्याळा बरी करता. माझ्या डोळ्यांनी बघलंय." त्यानंतर महिनाभर वेंगुर्ल्यापासून माणसं आली. काकी पडद्यामागे तोंडात पदर कोंबून हसायची आणि हसताना हातातला स्क्रू मात्र पडू द्यायची नाही.

घड्याळांशी ती बोलायची. नवं घड्याळ उघडलं की आधी विचारपूस. "काय गो बाये, कोणी इतकी आवळल्यान तुका?" घड्याळ कुणाचंही असो, तालुक्याच्या साहेबाचं असलं तरी, ते काकीच्या हातात आलं की बाये व्हायचं. हत्यारं तिची अर्धी काकांच्या पेटीतली आणि अर्धी परसातली. स्क्रू ठेवायला करवंट्या, रॉकेलमध्ये चाकं धुवायलाही करवंट्या. भोकं साफ करायला माडाचे हीर, म्हणजे झावळीच्या पात्यांतल्या ताठ काड्या. केरसुणीतला एक हीर काढून ती त्याला इतकं बारीक टोक काढायची, की आईला आपल्या केरसुणीचा अभिमान वाटायचा आणि रागही यायचा. स्वतः मात्र ती घड्याळात कधी बघायची नाही. किती वाजले विचारलं तर म्हणायची, "यष्टी इली नाय म्हणजे धा वाजूक नाय." यष्टी रोज वेगळ्या वेळेला यायची. काकीचे दहा तिच्याबरोबर सरकायचे.

मला तिनं कधी एक चाकसुद्धा उचलू दिलं नाही. एकदा हात पुढे केला तर चिमट्यानं हळूच टोचून म्हणाली, "तुझे हात पुस्तकाक लागले आसत गो शालू. थंयच ऱ्हवांदेत."

तिची खरी विद्या होती चावी सोडण्याची. हे नीट सांगते, कारण पुढचं सगळं यावर आहे.

जुन्या खिशातल्या घड्याळाला वेगळी छोटी चावी असते. मागचं झाकण उघडायचं, चौकोनी दांड्यावर चावी बसवायची आणि फिरवायची. आतली कमान, म्हणजे पोलादाची लांब पट्टी, गुंडाळत जाते. ती उलटी फिरू नये म्हणून करवतीसारख्या दातांच्या चाकाला एक नखाएवढी खिटी अडवून धरते. घड्याळ भरलेलं असलं की सगळी ताकद त्या खिटीवर. अशा वेळी कुणी घाईनं आतले स्क्रू काढले किंवा नुसतीच खिटी उचलली, तर कमान एका क्षणात उलगडते, चावी भिंगरीसारखी फिरते, चाकांचे दात जातात आणि माणसाच्या बोटांचं कातडंही जातं. म्हणून घड्याळ उघडण्याआधी कमानीतला ताण काढायचा. काकी तो असा काढायची. चावी बसवायची, आणि सोडायची तर आधी किंचित पुढेच फिरवायची, म्हणजे खिटीवरचा भार उतरतो आणि ती सैल होते. मग हिराच्या टोकानं खिटी बाजूला दाबायची आणि चावी तळहातातून हळूहळू मागे घसरू द्यायची. अर्धा फेरा झाला की खिटी परत बसवायची, हात नीट धरायचा, परत अर्धा. बोटांच्या चिमटीत ती ताकद आवरत नाही, म्हणून तिनं ताक घुसळायच्या मोडक्या रवीचा एक गोल, गुळगुळीत तुकडा घेतला होता. त्याला खाच पाडून त्यात चावीचं डोकं बसवायची आणि तो तुकडा मुठीत घसरू द्यायची, जन्मभर ताक केलेल्या मुठीत.

"आवळूक सगळ्यांका येता," ती म्हणायची. "सोडूक येवक व्हया."

आणि ही विद्या ती माणसांवरही चालवायची. एकदा शेजारचा अंतू तणतणत अंगणात आला. आमची गाय त्याच्या मळ्यात शिरली होती.

"तुमच्या गायन माझी तवशी खाल्ल्यान," तो ओरडला.

 गायीनं तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या, खाल्ल्या होत्या हे खरंच होतं. काकी पुढे झाली.

"तवशीच?" ती म्हणाली. "दोडकी नाय खाल्ल्यान? नीट बघ जावन. दोडकीव खाल्ल्यान असतली."

अंतू थबकला. "दोडकी नाय खाल्ली."

"मगे वेल तुडवल्यान असतले. चार पाय काय थोडे आसत तिचे?"

"नाय, वेल बरे आसत."

"कुपण तरी मोडल्यान?"

"कुपण कालच मोडलेला होता," अंतू म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याला कळेपर्यंत काकीनं त्याच्या हातात चहाचा पेला दिला होता. जाताना त्यानं आमच्या गायीच्या पाठीवर थाप मारली, आणि संध्याकाळी उरलेलं एक तवसं पाठवून दिलं. काकी मला म्हणाली, "बघलंस? आधी जरा फुडे फिरवक व्हया. मगे खिटी आपसूक सुटता."

तर काका गेल्यावर दुकान बंद झालं. काकी म्हणाली, मी बसते. आबांना ते पेलेना. आबा वाईट नव्हते, लोकांना भिणारे होते. थोरल्या दिरापुढे काकी तशीही डोक्यावरून पदर घेऊन, खांबाकडे बघून बोलायची, आणि खांबाशी वाद घालून किती घालणार. आबा म्हणाले, "बायलमाणसाकडे घड्याळ कोण देतलो?" आणि खरंच कुणी देईना. ज्या बाजारात तिची सहाशे घड्याळं फिरत होती, त्या बाजारानं तिला एक घड्याळ दिलं नाही. शेवटी आबांनी वेंगुर्ल्याच्या विनायकरावांशी बोलणी केली. विनायकराव मुंबईत काम शिकून आलेले घड्याळजी, कोटवाले. जत्रेला ते पाल लावणार होते, तिथेच त्यांनी काकांची हत्यारांची पेटी ताब्यात घ्यायची असं ठरलं. पेटी गेली की सगळंच गेलं, हे काकीला कळत होतं, मला कळत होतं, आणि आबांनाही कळत असावं, कारण ते चार दिवस कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हते.

जत्रेच्या सकाळी काकीनं पेटी पदरानं पुसली. आबांच्या हातात देण्याआधी तिनं त्यातून रवीचा तुकडा काढून ओच्यात खोचला. आबांनी बघितलं. काकी खांबाला म्हणाली, "ह्यो माझ्या रवीचो आसा, पेटीतलो न्हय."

आता आमच्या गावच्या जत्रेचं सांगितलं पाहिजे. देवाच्या पेटाऱ्यात एक चावीचं घड्याळ आहे. कुणा जुन्या तांडेलानं वादळातून वाचलो म्हणून वाहिलेलं. वर्षभर ते पेटाऱ्यात असतं. जत्रेच्या सकाळी ते बाहेर काढतात, गावचे सहा मानकरी ओळीनं एकेक फेरा चावी देतात, घड्याळ चालू होतं आणि ते तबकात ठेवल्यावर मगच पालखी उठते. सहा घराणी, सहा फेरे. पहिला मान तात्यांचा, सहावा बाबल्याचा. फेरा झाला की गुरव समईतलं एक थेंब खोबरेल घड्याळाच्या पोटात सोडतो. घड्याळ देवाचं, देवाला तेल, मग घड्याळाला का नको, असा सरळ विचार. कुणाच्या आजोबांनी सुरू केलं, कुणाला माहीत नाही.

गेली तीन-चार वर्षं बाबल्याच्या वाट्याला अर्धाच फेरा येत होता आणि तो धुसफुसत होता. त्या वर्षी तात्यांनी चावी लावली, अर्धा फेरा फिरवला आणि चावी अडली. पुढे जाईना. घड्याळ बंदच. दुसऱ्यानं लावली, हलेना. तिसरा, चौथा, पाचवा, तेच. बाबल्यानं लावली, दात ओठ खाऊन बघितलं, आणि मग चावी तबकात आपटली.

"माझो फेरो खंय गेलो?"

"घड्याळ अडला आसा," तात्या म्हणाले.

"अडला नाय. खाल्ल्यानी. तुमी सगळ्यांनी मिळान माझो फेरो खाल्लास. आधी अर्धो खाय होतास, आता आख्खो."

"फेरो काय भजी आसा खावक?"

"तुमच्या घराण्याक काय सांगूचा," बाबलो म्हणाला, आणि तिथून ते तात्यांच्या पणजोबांपर्यंत गेलं. पाच मानकऱ्यांचा मान बुडाला होता. फेरा दिल्याशिवाय पालखीला खांदा देणार नाही म्हणून पाचही जण ओट्यावर बसले. ढोल थांबले. पालखी जागच्या जागी. वडे तळणाऱ्यांनी कढया उतरवल्या. देवाचं घड्याळ, जत्रा आणि गावाची अब्रू, सगळं एका चावीत अडकलं.

विनायकरावांना पालातून बोलावून आणलं. ते आमची पेटी घेऊनच आले. "बाजूला व्हा. हे काम नाजूक असतं," ते शुद्ध मराठीत म्हणाले. झाकण उघडून म्हणाले, "जास्त चावी दिली गेली आहे. सोडावी लागेल." इथपर्यंत ठीक. मग त्यांनी चावी दोन बोटांत धरली आणि चिमट्यानं खिटी उचलली.

मुंबईत मनगटी घड्याळं शिकलेला माणूस, चावीच्या म्हाताऱ्या घड्याळाशी त्यांची कधी गाठ पडली नव्हती. चावी गरकन फिरली, त्यांच्या अंगठ्यावर बसली आणि उडून तात्यांच्या मुंडाशात जाऊन रुतली. नशीब एवढंच, की खिटी खटकन पुढच्याच दातात परत पडली. विनायकराव अंगठा तोंडात घालून मुंबईचं मराठी विसरले. बाबलो आनंदानं म्हणाला, "बघा, चावी सुद्धा तात्याच्याच घरात जाता."

"मुंबईला पाठवावं लागेल," विनायकराव म्हणाले.

मुंबई म्हणजे पुढचं वर्ष. आणि पेटी उचलून ते पालाकडे निघाले. तेव्हा बायकांच्या गर्दीतून काकी पुढे आली. पदर डोक्यावरून, आणि या खेपेला खांब नव्हता म्हणून ती देवळाच्या दीपमाळेकडे बघून बोलली.

"ह्या घड्याळ अतिचावीन मेला नाय. भरलेला आसा आणि चालणा नाय. बाबल्या, दरवर्षी ह्या सकाळी बंद पडता ना?"

"पडता. पण देव जेवलो की चालता," बाबलो म्हणाला. "नैवेद्य झालो की दुपारी आपसूक टिकटिक करता. सगळ्या गावाक म्हायत आसा."

"देव जेवता तेवा ऊन खंय येता?"

"डोक्यावर."

"सकाळी आंघोळीक तुझ्या बायलेन खोबरेलाची बाटली खंय ठेवल्यान?"

"उन्हात. थंडीन गोठला होता." बाबल्यानं उत्तर दिलं आणि आपल्याच उत्तराकडे तोंड उघडं टाकून बघत राहिला.

आमच्याकडे थंडीत जत्रा, आणि थंडीत खोबरेल गोठतं हे लहान पोरालाही ठाऊक असतं. पन्नास वर्षांचं समईचं तेल घड्याळाच्या पोटात दर सकाळी लोण्यासारखं गोठत होतं आणि दुपारी वितळत होतं. दरवर्षी तेल साचत गेलं तसं घड्याळ कमी कमी चालून थांबू लागलं, आणि गेल्या वर्षी जेमतेम चार घटका चालून ते भरलेलंच पेटाऱ्यात गेलं, म्हणून या वर्षी फेऱ्यांना जागाच उरली नव्हती. गुरवानं समईकडे बघितलं आणि दोन पावलं मागे सरला.

"फेरे कोणी खाल्ले नाय," काकी म्हणाली. "सगळे आत आसत. माका पेटी द्या, मी एकेक भायर काढून देतंय."

तात्यांची अडचण खरी होती. "सुभद्रे, चावीचो मान सहा घराण्यांचो. बायलमाणसाचो हात लागलो तर सहाव जण उठतले."

"चावी देवचो मान सहा घराण्यांचो," काकी म्हणाली. "चावी सोडूचो मान कोणाचो?"

  चावी सोडण्याचा मान कुणालाच कधी दिलेला नव्हता. जो मान कुणाचाच नाही तो मोडणार कसा? बाबलो पहिल्यांदा उठला. "कोणाचोच नाय," तो म्हणाला. "तू सोड गो. माझो फेरो काढ."

मी आबांकडे बघितलं. ते हात चोळत होते. विनायकराव पेटी हातात धरून उभे होते. आबा त्यांच्याकडे गेले, काहीतरी हळू बोलले, आणि पेटी आणून काकीपुढे पाटावर ठेवली. 

बाबल्यानं आपलं नवं उपरणं पाटावर अंथरलं, स्क्रू उडू नयेत म्हणून. काकीनं ओच्यातला रवीचा तुकडा काढला, त्याच्या खाचेत चावी बसवली. "शिंकूचा नाय," एवढंच म्हणाली. चारशे माणसं आणि एक शिंक नाही. चावी किंचित पुढे. हिराचं टोक खिटीवर. आणि मग तिच्या मुठीतून तो तुकडा असा घसरत आला, इतका हळू, की तो फिरतो आहे हे तिच्या मनगटावरच्या काकणांनी सांगितलं. खट. खिटी बसली.

"अर्धो," काकी म्हणाली.

"अर्धो," गुरव आरतीच्या सुरात म्हणाला. त्याला राहवेना.

परत पुढे, परत हीर, परत ते घसरणं. "एक." सगळा मंडप कुजबुजला, एक. काकीच्या कपाळावर घाम, पण मूठ तशीच, ना घट्ट ना सैल. मधे एकदा तुकडा तिच्या तळहातात जोरानं वळला. मी डोळे मिटले. उघडले तर ती घड्याळाला म्हणत होती, "घाई नको बाये. आमका कोणाक घाई नाय." चारशे माणसांची पालखी खोळंबली होती. चार. साडेचार. पाच. बाबलो बोटं मोजत होता. साडेपाच. आणि शेवटी तुकडा मुठीतून फिरलाच नाही. नुसता राहिला.

"सहा," काकी म्हणाली. "एक दात कमी."

"तो माझ्याच वाट्याचो असतलो," बाबलो म्हणाला.

"तो विनायकरावांच्या अंगठ्याक गेलो. भरताना परत येतलो."

मग ती हसली, आणि मग सगळेच हसले. तात्या मुंडासं काढून हसले. विनायकराव अंगठा धरून हसले, आणि पाटाजवळ उकिडवे बसून मालवणीत म्हणाले, "माका ह्या कोणी शिकवलाच नाय." त्यांनी स्वतः छत्री धरली, वाऱ्यानं चाकं उडू नयेत म्हणून. काकीनं एकेक चाक करवंटीतल्या रॉकेलमध्ये धुतलं, एकेक भोक हिरानं साफ केलं. विनायकरावांनी आपल्या कुपीतलं घड्याळाचं खरं तेल दिलं, टोकावर मावेल एवढंच. घड्याळ लावायला बरोबर वेळ त्यांच्या मनगटावरूनच घेतली, कारण काकीची वेळ यष्टीबरोबर येणार होती आणि यष्टी आलीच नव्हती.

मग सहा मानकऱ्यांनी सहा फेरे दिले. बाबल्याच्या हातात चावी आली तेव्हा त्यानं डोळे मिटून अख्खा फेरा फिरवला, इतक्या सावकाश, की तात्या म्हणाले, "रे, सोड आता." घड्याळ टिकटिकलं. ढोल सुटले. पालखी उठली तेव्हा पाचही जणांनी खांदा देण्यासाठी एकमेकांना ढकललं, आणि वडेवाल्यांनी कढया परत चढवल्या. त्या दिवशी मी नऊ वडे खाल्ले. आठ म्हटलं तर खोटं होईल.

पालखी फिरून आल्यावर तात्यांनी मानाचे नारळ वाटले. सहा वाटून सातवा हातात धरला. "दरवर्षी जत्रेच्या आदल्या दिवशी चावी सोडून घड्याळ साफ करूचा. ह्यो मान सुभद्रेच्या घराचो." गुरवाला सांगितलं, "आणि तेल समईतच." विनायकरावांनी पेटीला हात लावला नाही. "ती पेटी मी घेतली तर माझाच अंगठा मला शिव्या घालील," ते आबांना म्हणाले. पेटी आबांनी डोक्यावर घेऊन घरी आणली, धरलेल्या पाठीनं, कुणाला हात लावू न देता.

दुसऱ्या सोमवारी काकी पडद्याच्या पुढे बसली. पहिलं घड्याळ तांडेलाचं आलं. त्यानं विचारलं, "तू डोळे मिटान करतस काय गो?" ती म्हणाली, "तुझा घड्याळ बघलंय ते दिसापासून मिटलेलेच आसत."

पडद्याचं काय करायचं, असा प्रश्न होता. त्याचं उत्तर पुढच्या जूनमध्ये मिळालं. मी मॅट्रिक झाले होते आणि कॉलेजचं नाव काढलं की आबांची कमान ताठ. "चेडवाक कोल्हापुराक धाडूचा म्हणजे काय गजाल आसा?" ते अंगणात येरझाऱ्या घालत होते. मी आतून तोंड उघडणार, तोच काकी खांबापाशी आली.

"खरा आसा भावोजी," ती खांबाला म्हणाली. "मॅट्रिक तरी कित्याक केलास तिका? पाटीच फोडून टाकूक व्हयी होती."

"पाटी कित्याक फोडूची?" आबा थांबले. "हुशार आसा ता."

"हुशार खंयचा. तिसरो नंबर."

"दुसरो. दुसरो नंबर इलो तिचो. शाळेत विचार जावन."

"असतलो. पण घाट चढान जातला कसा? गाडी लागतली तिका. फोंडाघाटातच उतरतला."

"मी जातंय ना सोबत," आबा म्हणाले, "उतरतला कसा?" आणि मग उभेच राहिले. काकीनं माझ्याकडे बघितलं नाही, पण पदराआड तिचा हात मुठीसारखा वळलेला होता, आणि ती मूठ हळूहळू सैल होत गेली. त्या गोणपाटाच्या पडद्यात माझी वळकटी बांधली. कोल्हापूरच्या वसतिगृहातल्या मुली त्याला हसल्या. मी त्यांना सांगितलं, हा पडदा सहा वर्षं एका घड्याळजीपुढे लोंबत होता. त्यांना काही कळलं नाही आणि मी समजावलंही नाही.

बी.ए.चा निकाल घेऊन मी आले ती दुपारची यष्टी होती. कट्ट्याला उतरले. दुकानाच्या पायरीवर एक तरुण मुलगा रुसून बसला होता, आजोबांच्या घड्याळाला जास्त चावी देऊन बोलणी खाल्ली म्हणून. काकी टेबलाशी, केस पांढरे, भिंग डोळ्याला, मूठ रवीच्या तुकड्यावर. मी उंबऱ्याशी उभी राहिले. तिनं मान वर केली नाही.

"ऱ्हव गो शालू. अर्धो फेरो ऱ्हवलो आसा."

मी थांबले. तुकडा घसरत गेला, काकणं वाजली, खिटी बसली.

"पास?"

"झालंय."

तिनं तुकडा टेबलावर नीट ठेवला, भिंग काढलं, आणि मगच माझा हात धरला. मुलाला म्हणाली, "बघ रे, ह्या बी.ए. झाला. आमच्या घरातला पयला. तुझा घड्याळ उद्या." मुलगा म्हणाला, "आणि किती वाजले?" काकी म्हणाली, "यष्टी इली ना, म्हणजे धा." दुपारचे दोन वाजले होते.

त्यानंतर मी नोकरीला लागले आणि पुढच्या भाद्रपदात ती गेली. तिला मी शेवटची बघितली ती तशी, दुपारचे दहा वाजवताना. आता जत्रेच्या आदल्या दिवशी विनायकराव वेंगुर्ल्याहून येतात, आमच्या घरून रवीचा तुकडा मागून नेतात आणि दुसऱ्या दिवशी नारळासकट परत आणून देतात. नारळ सुभद्राकाकीच्या नावाचा असतो.

काकी त्या टेबलाशी पडद्याच्या पुढे जवळजवळ सहा वर्षं बसली. देवाचं घड्याळ त्यानंतर एकाही जत्रेला बंद पडलं नाही. आणि आमच्या घरातली पहिली बी.ए. मी झाले.